भयानक रसाचा नट : श्री. दिलीप प्रभावळकर यांच्या काही भूमिकांचा विचार

सिल्वासा येथील टोकरखाडा भागात आमच्या राहत्या घरी काही काळापूर्वी आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. रसविचारावरील प्रश्नात भयानक रसाचे एक उदाहरण मागितले होते. बहुतेकांनी स्मशान, अरण्य किंवा काळोखी रात्र यांचे पाठ केलेले वर्णन दिले होते. एका विद्यार्थ्याने मात्र तीनच शब्द लिहिले होते : ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू. आम्ही त्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली आणि समासात ‘हास्य’ असे लिहून मोकळे झालो. उत्तरपत्रिका परत केल्या त्या दिवशी तो मुलगा उभा राहिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, हसू येतं ते दिवसा. रात्री भीतीच वाटते.’’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी परतल्यावर आमच्या मनात शंका उभी राहिली ती अशी, की रेघ ओढण्यात चूक त्या मुलाची झाली होती की आमची?

प्रस्तुत लेख हा त्या शंकेचाच विस्तार होय. तात्या विंचूची भूमिका करणारे नट श्री. दिलीप प्रभावळकर यांच्याविषयी मराठीत आदराने बोलले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या आदराची मांडणी कशी होते ते पाहावे. दूरदर्शनवरील चिमणराव, ‘नातीगोती’तील बाप, ‘चौकट राजा’तील नंदू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधील आबा आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी, अशी भूमिकांची माळ ओवली जाते. तात्या विंचूचा उल्लेख आलाच तर तो शेवटी, आणि थोर कलावंताने केलेली गंमत या स्वरूपात. चेटकिणीचा उल्लेख बालनाट्याच्या सदरात जातो. सारांश, ज्या भूमिकांनी या नटाला दोन पिढ्यांच्या मुलांच्या स्वप्नांत नेऊन बसविले, त्या भूमिका आमच्या समीक्षेने खेळण्यांच्या पेटीत टाकल्या आहेत. आमचे म्हणणे असे, की या भूमिका त्यांच्या कलेच्या परिघावर नसून मध्यावर आहेत. आणि त्या समजल्यावाचून त्यांचा नंदू किंवा त्यांचे गांधीजीही नीट समजणार नाहीत.

प्रथम शास्त्राचा विचार करू. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. त्यांत विकृत आवाज, भूतादिकांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचा त्रास, ओसाड घर आणि अरण्य यांची गणना येते. हास्याचे विभाव सांगताना त्याच भरताने विकृत वेश आणि विकृत अलंकार यांपासून आरंभ केला आहे. म्हणजे हास्य आणि भयानक या दोहोंच्या मुळाशी ‘विकृत’ हा एकच शब्द आहे. नेहमीच्या आकारापासून ढळलेली वस्तू पाहून मनुष्य एक तर हसतो, नाही तर दचकतो. यांपैकी काय घडेल हे त्या वस्तूपासून आपल्याला धोका आहे की नाही यावर ठरते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मात्र हास्याला भयानक व करुण हे विरोधी रस ठरविले. आम्ही ‘हास्य’ असे समासात लिहिले तेव्हा नकळत विश्वनाथाचीच बाजू घेत होतो : जेथे हसू आहे तेथे भय असणार नाही, असे आम्ही गृहीत धरले होते. पण शास्त्रानेच या विरोधाचा परिहारही सांगून ठेवला आहे. आनंदवर्धनाच्या विवेचनात विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवले तर विरोध मिटतो असा मार्ग आहे. एका पात्राच्या ठिकाणी उत्साह आणि दुसऱ्याच्या ठिकाणी भय असले तर दोन्ही रस एकमेकांस मारीत नाहीत. हा मुद्दा पुढे आमच्या उपयोगी पडणार आहे.

शास्त्रापेक्षा लोकपरंपरेची साक्ष अधिक स्पष्ट आहे, आणि ती आम्हांला दूर शोधावी लागत नाही. दादरा-नगर हवेलीत कोकणा समाजाचा भवाडा होतो. सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात त्याच कुळीचा बोहाडा होतो. देवांचे, दैत्यांचे आणि पशूंचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसे रात्रभर वाद्यांच्या तालावर नाचतात. राक्षसाचा मुखवटा पुढे आला की कडेवरची मुले आईच्या खांद्यात तोंड लपवितात आणि लगेच बोटांच्या फटीतून पुन्हा पाहतात. मुखवट्याखालचे पाय ओळखीचे असतात. ते गावातल्याच कोणाचे तरी पाय आहेत हे ठाऊक असूनही मूल भिते, आणि भिऊनही हसते. दक्षिण कोकणातील दशावतारात तर ही मिसळण अधिकच उघड आहे. आरंभीच्या आडदशावतारात काळ्या वेशातला, लाल जिभेचा संकासुर येतो. तो वेद चोरणारा असुर आहे, म्हणून भयंकर. आणि त्याचे बोलणे-चालणे असे, की सारा मांड हसून लोळतो. आमच्या लोकांनी भयाला हसण्यापासून कधी तोडले नव्हते. ते तोडण्याचे काम पुढे आमच्या पाठ्यपुस्तकांनी आणि आम्ही शिक्षकांनी केले.

चित्रपट आला तेव्हा त्याने प्रथम दुसरा मार्ग धरला. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले, की प्रेक्षक हादरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. येथे भय आहे, पण ते डोळ्यांना बसलेल्या धक्क्याचे. प्रभातच्या ‘अमृतमंथना’त (१९३४) शांतारामबापूंनी राजगुरूच्या डोळ्याचे प्रचंड समीपदृश्य योजिले. हिंदी आवृत्तीत राजगुरू चंद्रमोहन यांनी आणि मराठीत केशवराव दाते यांनी केला. चंद्रमोहन यांच्या डोळ्यांची कीर्ती देशभर पसरली. दाते हे मुळात रंगभूमीचे नट. त्यांचे बळ डोळ्यांपेक्षा शब्दांच्या संयत उच्चारात होते. एकाच भूमिकेत भयाच्या दोन वाटा येथे शेजारी शेजारी दिसतात. एक वाट दृष्टीची आणि दुसरी वाणीची. प्रभावळकर ज्या वाटेने पुढे गेले ती दुसरी होय.

पश्चिमेकडे भयपटांच्या चरित्रनटाचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला आणि त्याची समीक्षाही झाली. त्याचा आदिपुरुष लॉन चॅनी (१८८३–१९३०). त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर होते; खुणांनी आणि चेहऱ्याने बोलणे ही त्याची घरची भाषा होती. आपली रंगभूषा तो स्वतः करी आणि प्रत्येक चित्रपटात नवा विद्रूप चेहरा धारण करी. त्याच्यामागून बोरिस कार्लॉफ (१८८७–१९६९) आला. त्याचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याचे वडील हिंदुस्थानातील मीठ-महसुलाच्या खात्यात अधिकारी होते. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीवरून १९३१ साली निघालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये त्याने प्रेतांच्या अवयवांतून घडविलेल्या प्राण्याची भूमिका केली. आरंभीच्या श्रेयनामावलीत त्या पात्रासमोर नटाचे नाव नव्हते, केवळ प्रश्नचिन्ह होते. त्या प्राण्याला भाषा नाही. तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर तो पाण्यात फुले सोडतो, आणि फुले संपल्यावर अजाणतेपणी तिलाच पाण्यात टाकतो. हे दृश्य पाहणाऱ्याला भय वाटते, आणि त्या भयाला करुणेचे अस्तर असते. राक्षसाच्या आत एक भांबावलेले मूल आहे हे कार्लॉफने ओळखले होते. भयपटातील उत्तम चरित्रनट ओळखण्याची खूण आमच्या मते हीच होय. विद्रूपता रंगभूषाकारही देऊ शकतो. त्या विद्रूपतेला काय हवे आहे हे मात्र नटालाच सांगावे लागते.

या पार्श्वभूमीवर प्रभावळकरांची वाटचाल पाहावी. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या नाट्यप्रपंचात त्यांची घडण झाली, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मतकरी हे एकाच वेळी मराठी गूढकथेचे आणि मराठी बालनाट्याचे प्रमुख लेखक. भय आणि बालमन ही दोन्ही दालने त्यांच्या घरात एकमेकांत उघडत होती. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात प्रभावळकरांनी चेटकीण केली. पुरुष नटाने स्त्रीवेष घेण्याची आमची परंपरा जुनी आहे; पण तेथे स्त्रीचे सौंदर्य हे साध्य होते. येथे सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. मुलांना भिववावयाचे, पण ती नाट्यगृहातून उठून जाता कामा नयेत; हसवावयाचे, पण चेटकीण निरुपद्रवी आहे असे त्यांना वाटता कामा नये, अशी ही कसरत होती. मुलांचा प्रेक्षकवर्ग हा सर्वांत निर्दय परीक्षक असतो. त्याला खोटे भय क्षणात कळते आणि खऱ्या भयाचा अतिरेक झाला तर तो रडून प्रयोगच थांबवितो. प्रभावळकर भयाचे माप शिकले ते या शाळेत, असे आम्ही मानतो. मतकरींच्याच ‘आरण्यका’त त्यांनी विदुर केला, आणि कित्येक वर्षांनी ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हाही विदुर त्यांचाच होता. एकाच लेखकाकडून एकाच नटाला चेटकीण आणि विदुर मिळावेत यात त्या लेखकाचा डोळा दिसतो. दोन्ही पात्रे सामान्य जगाच्या सीमेवर उभी आहेत. एक जगाला खावयास टपलेली, आणि दुसरे जग संपताना पाहणारे.

पुढे चि. वि. जोशी यांचा चिमणराव त्यांनी दूरदर्शनवर उभा केला. स्वतःच्याच ‘हसवाफसवी’त एका प्रयोगात सहा माणसे ते उभी करीत. त्यांतील वृद्ध नट कृष्णराव हेरंबकर पाहून हसता हसता प्रेक्षकांचे डोळे पाणावत. ‘साळसूद’ या मालिकेत सभ्यतेच्या आड दडलेला दुष्टावा त्यांनी दाखविला. या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. प्रभावळकर कधीही पात्राच्या बाहेर उभे राहून त्याला वेडावीत नाहीत. पात्र कितीही हास्यास्पद असो, त्याला स्वतःला आपण हास्यास्पद आहोत हे ठाऊक नसते. चिमणराव आपल्या अडचणींबाबत पूर्ण गंभीर आहे. म्हणूनच आपण हसतो. हीच गंभीरता दुष्टाच्या ठिकाणी नेऊन ठेवली म्हणजे काय होते, याचे उत्तर तात्या विंचू हे आहे.

श्री. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. त्याची मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली आहे, आणि हे ऋण लपविण्यात अर्थ नाही. तात्या विंचू नावाचा गुन्हेगार बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो. पोलिसाच्या गोळीने मरताना आपला आत्मा तो एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला शब्दभ्रमाचे खेळ करणाऱ्या लक्ष्या नावाच्या भोळ्या तरुणाकडे येतो. पुन्हा मनुष्यदेह हवा असेल तर आपले गुपित ज्याला प्रथम सांगितले त्याच्याच शरीरात तात्याला शिरावे लागणार, आणि तो मनुष्य म्हणजे लक्ष्या. अमेरिकेतून आलेल्या या बीजाचे मराठीकरण कोठे झाले हे पाहण्यासारखे आहे. ते प्रथम नावात झाले. ‘तात्या’ हे आमच्या घराघरांतल्या वडीलधाऱ्या माणसाचे नाव. त्याला ‘विंचू’ जोडला की ओसरीवरच्या ओळखीच्या माणसाच्या धोतरात नांगी असल्यासारखे वाटते. दुसरे मराठीकरण शब्दभ्रमाच्या व्यवसायात झाले. य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावापासून बोलका बाहुला हा मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. तात्याचा बाहुला घडविला तो त्यांचेच चिरंजीव श्री. रामदास पाध्ये यांनी. ज्या बाहुल्याच्या तोंडून माणूस बोलतो हे आपल्याला ठाऊक असते, तो बाहुला एके दिवशी स्वतःच बोलू लागला तर? ‘झपाटलेला’तील भयाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

येथे समीक्षेपुढे एक खरी अडचण उभी राहते. चित्रपटात प्रभावळकर देहाने दिसतात ते थोडा वेळ. त्यानंतर आपल्यासमोर असतो तो बाहुला. त्याची हालचाल पाध्ये यांची आणि आवाज प्रभावळकरांचा. मग ही भूमिका कोणाची म्हणावयाची? काही जाणकारांचे मत असे, की बाहुला भिववितो त्याचे श्रेय बाहुलीकाराचे आहे आणि नट येथे केवळ ध्वनीपुरता आहे. पाध्ये यांच्या कसबाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु भरताने भयाच्या विभावांत विकृत आवाजाला स्थान दिले आहे हे येथे आठवावे. बाहुल्याचा चेहरा बदलू शकत नाही. त्याचे ओठ उघडतात, मिटतात, मान वळते, एवढेच. क्रोध, हाव, आर्जव, थकवा, घाई हे सारे भाव त्या निश्चल चेहऱ्यावर आपल्याला दिसल्याचा भास होतो तो आवाजामुळे. आवाज जेव्हा खाली उतरतो तेव्हा बाहुल्याचे डोळे बारीक झाल्यासारखे वाटतात. वस्तुतः ते तसेच असतात. नटाच्या देहावाचून नटाचे कार्य कोठवर पोचते याची अशी निखळ परीक्षा मराठी चित्रपटात क्वचितच झाली असेल. कार्लॉफच्या प्राण्याला देह होता आणि वाणी नव्हती. तात्याला वाणी आहे आणि देह नाही. दोघांची व्यथा मात्र एकच आहे : माणसांत येण्याची.

या व्यथेचा आम्ही मुद्दाम उल्लेख करतो. तात्या विंचू हा पापी आहे, खुनी आहे. त्याच्याविषयी सहानुभूती बाळगावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु त्याला काय हवे आहे ते पाहा. त्याला हवे आहे शरीर. ज्याचा हुकूम चालत होता असा तो पुंड आता दीड-दोन हातांच्या खेळण्यात कोंडला गेला आहे. त्याला उचलून कोठेही ठेवता येते, पेटीत घालता येते. ही स्थिती आपल्याला हास्यास्पद आहे, त्याला असह्य आहे. प्रभावळकरांचा आवाज तात्याची ही असह्यता एक क्षणही सोडीत नाही. प्रेक्षकांनी हसावे म्हणून तो डोळा मिचकावीत नाही. म्हणूनच लक्ष्या भितो ते आपल्याला पटते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केलेला लक्ष्या हा खरे बोलणारा मनुष्य आहे आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. आनंदवर्धनाने सांगितलेला आश्रयभेद येथे जसाच्या तसा दिसतो. भयाचा आश्रय लक्ष्या आहे आणि हास्याचा आश्रय आपण. एकच बाहुला, एकच क्षण. पडद्यावरचा मनुष्य थरथरतो आणि खुर्चीतला हसतो. पण चित्रपट संपतो, मूल घरी येते, दिवा मालवला जातो आणि कपाटावर ठेवलेली त्याची स्वतःची बाहुली अंधारात दिसू लागते. त्या वेळी आश्रय बदलतो. आता लक्ष्याच्या जागी ते मूलच असते. आमच्या विद्यार्थ्याने दिवसाचे हसू आणि रात्रीची भीती असा जो भेद केला होता, तो हाच. आमच्यापेक्षा त्याला रसशास्त्र अधिक कळले होते.

आता ‘चौकट राजा’ आणि ‘झपाटलेला’ यांची तुलना करावी. पहिला १९९१ चा, दुसरा १९९३ चा. नंदू हा वाढलेल्या देहात अडकलेला बालक आहे. तात्या हा बालकाच्या खेळण्यात अडकलेला वाढलेला पापी आहे. एकात देह मोठा आणि मन लहान. दुसऱ्यात देह लहान आणि मन जून, कुजलेले. दोन्ही ठिकाणी मन आणि शरीर यांचे माप जुळत नाही, आणि दोन्ही ठिकाणी जग त्या विसंगतीला प्रथम हसते. एका भूमिकेला आम्ही करुण म्हणून डोक्यावर घेतले, दुसरीला गंमत म्हणून बाजूला सारले. पण नटाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न एकच होता : न जुळणाऱ्या शरीरातून एका मनाचा खरा स्वर कसा काढावा? नंदूचा अभ्यास ज्याने केला नसता त्याला तात्या सापडला नसता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

दोषही सांगितले पाहिजेत. नाही तर ही समीक्षा न होता आरती होईल. ‘झपाटलेला’त पोलिसी पाठलाग आणि ठोकळेबाज विनोद यांची भर इतकी आहे, की भयाची बांधणी वारंवार सैल पडते. ‘पछाडलेला’त (२००४) प्रभावळकरांना इनामदार भुस्नळे या मृताची भूमिका मिळाली. जुना वाडा, गतवैभवाचा अहंकार, मेल्यावरही न सुटलेली मालकी, असे केवढे मोठे द्रव्य तेथे होते! गतकाळाला चिकटलेल्या वतनदारीचे भूत यापेक्षा मराठी समाजाला परिचित असे दुसरे भूत नसेल. पण पटकथेला त्या इनामदाराच्या अंतरंगापेक्षा गोंधळाची अधिक हौस आहे, आणि नटाला मिळालेला अवकाश अपुरा पडतो. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. बाहुला प्रेक्षकांच्या अंगावर येऊ लागला, परंतु तो मनात पूर्वीइतका शिरला नाही. भय पडद्यातून बाहेर आणावे लागते असे ज्याला वाटले त्याने, ते प्रेक्षकाच्या घरी आधीच कपाटावर बसलेले असते हे ध्यानात घेतले नाही. हे दोष मुख्यतः रचनेचे आहेत. तरीही नटाने आपल्या एवढ्या सामर्थ्याचा पूर्ण गंभीर भयपट मराठीत मागून घ्यावयास हवा होता, अशी आमची तक्रार आहे. आणि तसा चित्रपट त्यांना देऊ न शकलेल्या निर्मात्या-लेखकांविषयी ती अधिक तीव्र आहे.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त प्रभावळकरांनी गांधीजी केले, आणि त्या भूमिकेसाठी व ‘शेवरी’साठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातील गांधीजी हे ऐतिहासिक गांधीजी नव्हेत. ते एकट्या मुन्नाला दिसतात. इतरांना दिसत नाहीत. लौकिक भाषेत ज्याला आपण पछाडणे म्हणतो तोच हा प्रकार आहे, फक्त येथे पछाडणारा महात्मा आहे. लक्ष्याप्रमाणेच मुन्नाही खरे सांगतो आणि लोक त्याला वेडा ठरवितात. देह नसलेल्या व्यक्तीला केवळ स्वर आणि सौम्य उपस्थिती यांच्या बळावर खरे कसे करावे हे प्रभावळकर तेरा वर्षांपूर्वी एका बाहुल्याच्या आतून शिकले होते. तात्या दुसऱ्याच्या शरीरात शिरू पाहतो. गांधीजी कोणाच्या शरीरात शिरत नाहीत, ते त्याच्या सदसद्विवेकाशेजारी बसतात. झपाटणे आणि जागविणे यांतील अंतर एवढेच, आणि एवढे मोठे. जो नट पहिले करू जाणतो त्यालाच दुसऱ्याची किंमत कळते.

२०२५ साली श्री. सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ या चित्रपटात वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री हा कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला. कार्लॉफने १९६८ च्या ‘टार्गेट्स’मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, एका वृद्ध भयपटनटाचीच भूमिका केली होती, आपले मुखवटे जगाला आता भिववीत नाहीत, जगातले भय त्याहून मोठे झाले आहे, असे त्या नटाला वाटते. बाबुलीची श्रद्धा उलट आहे. मुखवट्यात अजून देव उतरू शकतो आणि दैत्याला जाब विचारू शकतो, असे तो मानतो. चेटकिणीपासून निघालेला नट संकासुराच्या मांडावर येऊन पोचला, हे वर्तुळ योगायोगाचे असेल. पण ते अर्थहीन नाही. जेथून आमच्या भयाला आणि हास्याला एकत्र जन्म मिळाला त्याच लोकरंगभूमीवर तो परत आला आहे.

या नटाच्या कार्याचा आम्हां शिक्षकांना काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग असा, की मुलांना भय वाटते ही गोष्ट आपण वर्गात मान्य करावयास शिकू. आपण त्यांना वीररस शिकवितो, करुण शिकवितो. भयानकाची पाळी आली की स्मशानाचे पाठ केलेले वर्णन देऊन पुढे सरकतो, जणू भय ही जुन्या काव्यातच राहणारी वस्तू आहे. मूल मात्र दररोज रात्री दिवा मालवते. ज्या कलावंताने त्याच्या भयाला एक नाव दिले, एक आवाज दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या भयाला हसण्याची सोयही ठेवली, त्याने त्या मुलावर उपकारच केले आहेत. नाव नसलेले भय वाढत जाते; नाव मिळालेल्या भयाशी बोलता येते. भवाड्यातील मुखवट्याखालचे पाय पाहून हसणारे मूल हेच शिकत असते.

त्या उत्तरपत्रिकेचे पुढे काय झाले हे सांगून लेख पुरा करतो. आम्ही ती पुन्हा मागवून घेतली, समासातला ‘हास्य’ हा शब्द खोडला नाही, त्याच्यापुढे ‘आणि भयानक’ असे लिहिले व पूर्ण गुण दिले. मुलाने ती पाहिली आणि विचारले, ‘‘सर, दोन्ही एकदम चालतं?’’ चालते, असे आम्ही म्हणालो. विश्वनाथाला ते मान्य झाले नसते. टोकरखाड्यातल्या कोणत्याही मुलाला मात्र त्यासाठी पुराव्याची गरज नाही.